फोटोबरहुकूम नाक

आधीच सांगून ठेवतो, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. परवाच बायकोला एक जुना किस्सा सांगत होतो, तर ती म्हणाली, "मागच्या वेळी त्या माणसाचा उजवा कान होता, आज डावा झाला!" मलाही खात्री नव्हती. आयुष्यभर लोकांची नाकं दुरुस्त केली आणि आता कोणाचा कुठला कान, तेही आठवेना.

किस्से साठतात ते असेच. दवाखान्यात काहीतरी घडतं, चहाच्या वेळी कोणीतरी ते सांगतं, दुसरा त्यात दुरुस्ती करतो, तिसरा हसतो. पुढच्या वर्षी नव्या माणसाला सांगताना त्याच गोष्टीच्या अंगावर थोडं मांस चढलेलं असतं. म्हणून इथे फक्त तेच किस्से सांगतो ज्यांना माझ्याशिवाय आणखी एखादा साक्षीदार होता. साक्षीदार खोटं बोलत असेल तर माझा नाइलाज आहे.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. शारजात, अबायांच्या, म्हणजे बायकांच्या काळ्या झग्यांच्या, एका दुकानाच्या वर आमचं छोटं सर्जिकल सेंटर होतं. मालक डॉक्टर हिशाम, इजिप्तचे. धिप्पाड माणूस, आवाज त्याहून धिप्पाड. ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर लीलाम्मा, कोट्टायमच्या. त्या आमच्याशी हिंदीत बोलायच्या आणि आमच्यावर वैतागल्या की मल्याळममध्ये. रिसेप्शनवर पेडणेकर, सावंतवाडीचा. व्हिसापासून वायरिंगपर्यंत सगळं तोच बघायचा. आणि प्लास्टिक सर्जन मी. डिग्र्या इतक्या की दारावरच्या पाटीत मावत नसत, आणि धीर इतका कमी की घराचं कुलूप ओढून बघायला जिन्यातून परत वर जायचो.

लीलाम्मा म्हणायच्या, "ऑपरेशन के बाद पेशंट सोता है, डॉक्टर नहीं सोता!"

* * *

हिशामसाहेबांच्या टेबलाला एक खण होता. त्यात सिलिकॉनची तयार नाकं असायची. अख्खं नाक नव्हे, नाकाच्या दांडीत बसवायची पट्टी. लहान, मध्यम, मोठी. पेशंट समोर बसला की साहेब त्याच्याकडे एकदा तिरकं बघायचे, खण उघडायचे आणि म्हणायचे, "मीडियम! यल्ला!" यल्ला म्हणजे चला, उरका.

माझं वेगळं होतं. नाकात घालायचं ते त्या माणसाचं स्वतःचंच असावं, असं मला वाटायचं. नाकाच्या मधल्या पडद्यातली कूर्चा, ती पुरत नसेल तर कानामागून, आणि फारच पडझड झाली असेल तर बरगडीच्या टोकाची. कानाचा वरचा भाग वाकवून सोडला की तो परत जागेवर येतो ना, तीच ही कूर्चा. शरीर तिला परकं मानत नाही. उद्या नाकावर पुन्हा मार बसला तरी ती कातडी फाडून बाहेर येत नाही. पण तिला वेळ लागतो, ती कोरावी लागते, आणि जिथून काढली तिथेही टाके पडतात.

"हबीबी," साहेब मला म्हणायचे, "जे दुकानात तयार मिळतं ते तू माणसात शोधतोस!"

एकदा एक लेबनीज बाई साहेबांसमोर बसल्या होत्या. साहेबांनी पट्टी टेबलावर ठेवली आणि ऐटीत सांगितलं, "मॅडम, ही लाइफटाइम टिकते."

बाईंनी पट्टी उचलली, उजेडात धरली, परत ठेवली आणि विचारलं, "कोणाची लाइफटाइम? माझी की तुमच्या दवाखान्याची?"

साहेबांनी खण बंद केला आणि माझ्या खोलीकडे बोट दाखवलं. "तिकडे जा. प्रश्न विचारणारी माणसं त्याला आवडतात!"

* * *

दत्ताराम गावडे आला तो पेडणेकरचा हात धरून. अक्षरशः हात धरून, कारण त्याला जिन्यावरूनच परत फिरायचं होतं.

हा देवगडकडचा पोरगा. हमरिया फ्री झोनमधल्या एका शेडच्या कामावर पाइपांची परांची बांधायचा. वरून एक पाइप निसटला आणि याच्या नाकावर बसला. नशीब की नाकावरच बसला. कंपनीने रक्त थांबवलं, टाके घातले, पुन्हा कामावर पाठवलं. पण आतला आधार गेलेला. महिन्या-दोन महिन्यांत नाकाची दांडी खोगिरासारखी खाली बसली. श्वास तोंडाने घ्यायचा, बोलताना सर्दी झाल्यासारखा आवाज.

मी विचारलं, "श्वासाचा त्रास कधीपासून?"

त्याने शर्टाच्या खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फोटो काढला आणि माझ्यासमोर ठेवला. कोट-टाय घातलेला, जरा बाजूला मान वळवलेला तरुण. नाक असं सरळ आणि रेखीव, की मी धंद्याच्या सवयीने आधी तेच बघितलं.

"डॉक्टरांनू, माका ह्याच नाक होया."

"श्वास मोकळा करणं आधी महत्त्वाचं आहे," मी म्हणालो.

"श्वासाचा मगे बघूया. मे महिन्यात लगीन हा. हो फोटो मुलीकडे गेलो, त्यांनी पसंत केल्यानी. आता असला नाक घेऊन मी गेलंय तर ते म्हणतले, दुसरोच कोणतरी इलो!"

पेडणेकरने मला बाजूला घेऊन समजावलं. मुलगी मालवणजवळची, शिकलेली. आधीची दोन स्थळं तिने फोटो बघूनच नाकारलेली. हा पसंत पडला म्हणताच दत्तारामच्या आईने गावभर साखर वाटलेली. "साहेब, लग्न मोडलं तर तो परत गावाला तोंड दाखवायचा नाही. तोंडाचाच तर प्रश्न आहे!"

मी रीतसर माहिती घेतली. घरी कोण कोण? आई आणि थोरला भाऊ. भाऊ बोटीवर खलाशी, लग्नाला पोचायची शक्यता नाही. मधुमेह? नाही. दमा? नाही. भीती? याचं उत्तर विचारायच्या आधीच दिसत होतं.

"तुझ्याच बरगडीची कूर्चा काढून नाकात घालू," मी सांगितलं.

तो म्हणाला, "म्हणजे मोरीच्या हाडासारखा काय?"

मी शाकाहारी. मोरी हा मासा आहे इतकंच माहीत होतं. पण पेशंटचा विश्वास उडू नये म्हणून ठामपणे "हो" म्हणालो आणि नंतर घरी जाऊन पुस्तक उघडलं. निघालं बरोबर, मोरीला हाडं नसतातच, सगळी कूर्चा. पण तोपर्यंत माझं जेवण गार झालं होतं!

* * *

फोटोने मात्र माझी झोप उडवली.

मी तो टेबलावरच्या काचेखाली ठेवला होता. रोज बघायचो. फोटोतल्या नाकाची मुळाशी रुंदी कमी. दत्तारामचं हाड मुळाशी रुंद, आणि ते पाइपाने रुंद झालेलं नव्हतं. एक्स-रे पुन्हा पुन्हा दिव्यासमोर धरला. मोडलेलं खाली होतं, वरचं हाड जन्मजात तसंच.

शिवाय कान. फोटोतल्या माणसाची पाळी सुटी, लोंबणारी. दत्तारामची गालाला चिकटलेली.

मी पेडणेकरला बोलावलं. "हे जुळत नाही."

"साहेब, स्टुडिओवाले टचअप करतात."

"कानाच्या पाळीला?"

"लग्नाचा फोटो आहे, साहेब! पाळी काय, हनुवटी बदलतात."

मी दत्तारामकडे दुसरा फोटो मागितला. पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसात जमा, तसा सगळ्यांचाच असायचा. मग त्याने लेबर कार्ड दाखवलं. त्यावर नखाएवढा फोटो होता आणि सरकारी शिक्का नेमका नाकावर!

शेवटी त्यालाच विचारलं, "दत्ताराम, या फोटोत काही बदल केलाय का? खरं सांग."

तो लाजला. खाली बघून म्हणाला, "डॉक्टरांनू, तो कोट स्टुडिओचो."

मला हायसं वाटलं. माणूस प्रामाणिक आहे. कोट स्टुडिओचा, हे त्याने कबूल केलं.

"आणि कान?"

"कान कोण बघता लग्नात?" तो म्हणाला.

लीलाम्मा कापूस गुंडाळत होत्या. त्या न वळता म्हणाल्या, "डॉक्टर, आदमी को नाक चाहिए, आप कान लेके बैठे हैं!"

* * *

तारीख ठरली, पण दत्तारामचा धीर होईना. स्वतःच्या अंगातलं काढून स्वतःच्याच नाकात घालायचं, हे त्याला पटत होतं, पचत नव्हतं. पेडणेकर म्हणाला, "थांबा, साक्षीदार आणतो."

साक्षीदार म्हणजे गुलजमान, पेशावरचा टॅक्सीवाला. वर्षभरापूर्वी मी त्याच्या कानामागून कूर्चा काढून नाकाचं टोक उभं केलं होतं. त्या ऑपरेशनच्या आधी मी त्याला विचारलं होतं, "कुठल्या कानातून काढू? फरक काहीच पडत नाही."

तो फार गंभीरपणे म्हणाला होता, "जिस कान में अरबाब चिल्लाता है, उसमें से निकालो!" अरबाब म्हणजे त्याचा मालक.

तर गुलजमान आला, दत्तारामसमोर बसला आणि सांगू लागला, "भाई, डरो मत. जब से कान का टुकड़ा नाक में गया है, मुझे ज़्यादा सुनाई देता है!"

हे मला नवीन होतं. कूर्चा काढल्यावर ऐकू कमी येत नाही, हे ठाऊक होतं. जास्त? मी तो अख्खा शुक्रवार पुस्तकं उपसत घालवला. कानाच्या पाकळीचा आकार, आवाजाची दिशा, असं काय काय वाचलं. एखाद्या जर्नलला पत्र लिहावं, असंही मनात आलं. मसुदासुद्धा केला.

शनिवारी लीलाम्मांना तो वाचून दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला.

"डॉक्टर, ऑपरेशन से पहले कान मैंने साफ़ किया था. बाप रे, इतना मैल!"

पत्र गेलं नाही. पण दत्ताराम मात्र तयार झाला. जाताना पेडणेकरला विचारत होता, "नाकाबरोबर माझा पण कान साफ करतले काय?"

* * *

त्याच आठवड्यात एक मराठी कुटुंब आलं. वडील दुबईत बँकेत, आई शाळेत शिक्षिका, मुलगी केतकी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. जन्मापासून इथेच. आई मराठीत विचारायची, मुलगी इंग्रजीत उत्तर द्यायची. तिला नाकावरचा उंचवटा नको होता.

"डॉक्टर, तिला समजवा," आई म्हणाली. "हे नाक यांच्या आईचं आहे. खानदानी आहे."

"माझ्या आईचं?" वडील उसळले. "आईचं नाक चाफेकळी होतं! हे तुमच्या मामांचं!"

"मामांना मध्ये आणू नका. मामा गेले."

"नाक ठेवून गेले ना!"

मी अस्वस्थ होऊन फाइल चाळत बसलो. केतकी आरशात बघत होती. आरशात तिच्या मागे आई-वडील दोघेही दिसत होते, तावातावाने बोलणारे, आणि बाजूने बघितलं तर वडिलांच्या नाकावर अगदी तसाच उंचवटा. वडिलांना तो कधी दिसला नसावा. स्वतःचं नाक बाजूने कोण बघतं?

केतकीने हळूच माझ्याकडे वळून विचारलं, "डॉक्टर अंकल, कॅन यू डू हिम इन्स्टेड?"

वडील आरशाशी गेले, मान वळवली, बराच वेळ बघितलं. "अरेच्चा," म्हणाले. "हे तर नानांचं!" आणि त्यांचा आवाज बदलला. नाना म्हणजे त्यांचे वडील.

केतकीने ऑपरेशन करून घेतलं नाही. "लीव्ह इट, ही विल क्राय," ती आईला म्हणाली.

ते गेल्यावर मी पुन्हा काचेखालच्या फोटोकडे बघितलं. नाक घराण्यात फिरतं, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. पण त्या दिवशी तो विचार तिथेच राहिला. पुढचा पेशंट आत आला.

* * *

बरगडीच्या कूर्चेची एक खोड आहे. ती सरळ कोरली तरी नंतर वळू शकते. म्हणून कोरलेला तुकडा सलाइनमध्ये बुडवून ठेवायचा आणि बघत बसायचं. वळायचा असेल तर इथेच वळू दे, नाकात नको. एवढा वेळ मी कोणाला बोलू द्यायचो नाही. पेडणेकर दाराच्या काचेतून खुणेने विचारायचा, "साबुदाणा भिजला?" लीलाम्मांनी त्याच्याकडून शब्द उचलला होता. फोन आला की सांगायच्या, "डॉक्टर बिज़ी है. साबूदाना भिगोया है."

दत्तारामच्या दिवशी पहिला तुकडा मी फार निगुतीने कोरला. डब्यासारखा चौकोनी, मग टोकाला निमुळता. वाटीत सोडला. सगळे वाटीभोवती उभे. काही होईना. मी सुस्कारा सोडला आणि तेवढ्यात तो केळ्यासारखा वळला!

बरगडीची उरलेली कूर्चा थोडी होती. एकच डाव.

नेमके हिशामसाहेब आत आले. शेजारच्या खोलीतलं काम त्यांनी कधीच उरकलं होतं. त्यांनी वाटीत बघितलं, माझ्याकडे बघितलं, बाहेर गेले आणि सिलिकॉनचं पाकीट घेऊन आले. "मीडियम," ते म्हणाले, पण हळू आवाजात. "दोन मिनिटं, खलास. कोणी तुला दोष देणार नाही."

खरं सांगतो, मोह झाला. मग आठवलं, हा परत परांचीवर चढणार. पुन्हा पाइप, पुन्हा धूळ, पुन्हा घाम. आणि लग्न झालेलं असणार.

"साहेब, मला अजून एक चहाचा वेळ द्या," मी म्हणालो.

लीलाम्मांनी साहेबांच्या हातातलं पाकीट घेतलं, कपाटात टाकलं आणि कमरेने दार लोटून दिलं. त्यांचे हात निर्जंतुक नव्हते राहिले आता, म्हणून पुन्हा धुवायला गेल्या. जाताना मल्याळममध्ये काहीतरी म्हणाल्या. अर्थ मी कधीच विचारला नाही.

दुसरा तुकडा मी गाभ्यातून कोरला. फोटो एक्स-रे बघायच्या काचेच्या पेटीवर चिकटवलेला होता. फोटोबरहुकूम. वाटीत सोडला. साहेब गेले नाहीत. हात मागे बांधून तेही बघत उभे राहिले. एवढा मोठा माणूस, श्वास रोखून.

तुकडा सरळ राहिला.

"इन्शाल्ला," साहेब म्हणाले, "नाकातही असाच वागेल."

शुद्धीवर आल्यावर दत्तारामने पहिला प्रश्न विचारला, "उरलेला खंय टाकलात?"

"टाकलं नाही. तुझ्याच छातीच्या कातडीखाली ठेवलंय. कधी लागलं तर."

त्याने पट्ट्यांतून डोळे मिटले. समाधानाने म्हणाला, "स्टेपनी!"

* * *

नाक सुंदर झालं. मी म्हणत नाही, हिशामसाहेब म्हणाले. दत्तारामने आरशात बघितलं, फोटो शेजारी धरला, पुन्हा बघितलं आणि माझ्या पाया पडायला वाकला. छातीतल्या टाक्यांनी कळ मारली तसा अर्ध्यातच ओरडला. "नाकाचा कायच नाय, पण छाती!"

एप्रिलअखेर तो निघाला. पेडणेकर त्याला विमानतळावर सोडायला गेला. दुपारी दवाखान्यात फोन वाजला. पलीकडे पेडणेकर, घाबराघुबरा.

"साहेब, याला अडवलंय! पासपोर्टातला माणूस हा नव्हे म्हणतात!"

फोन हिशामसाहेबांनी माझ्या हातातून घेतला आणि पलीकडच्या ऑफिसरशी अरबीत बोलू लागले. आधी शांतपणे, मग नेहमीच्या आवाजात. रिसेप्शनमधले पेशंट उठून उभे राहिले. शेवटी साहेब एक वाक्य गरजले. मग फोनमधून हसणं ऐकू आलं, मलासुद्धा.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं, नाक त्याचंच आहे. फक्त आधी छातीत होतं!"

ऑफिसरने शिक्का मारला. आणि पेडणेकरकडून आमच्या दवाखान्याचा पत्ताही मागून घेतला, मेहुणीसाठी.

सगळे हसत होते. मी मात्र पेडणेकर परतल्यावर त्याला कोपऱ्यात घेतलं. "पेडणेकर, पासपोर्ट तर अपघाताच्या आधीचा ना? मग त्यातलं नाक आत्ताच्या नाकासारखं असायला हवं होतं."

पेडणेकरने गाडीची किल्ली बोटावर फिरवली. "इमिग्रेशनची माणसं, साहेब. त्यांचं काय मनावर घेताय!"

मी मनावर घेतलं. म्हणजे मीच चुकलो. फोटो टचअप केलेला, मी त्यावर विसंबून भलतंच नाक केलं. एका माणसाच्या तोंडावर दुसऱ्या कोणाचं तरी नाक बसवून त्याला बोहल्यावर पाठवलं. तिकडे मुलीकडची माणसं काय म्हणतील? आणि पुढे ते वळलं तर?

* * *

पावसाळ्याच्या सुमारास पेडणेकरकडे कोणीतरी मालवणी खाजं आणि लग्नाचा एक फोटो आणून दिला. म्हणजे लग्न झालं! लीलाम्मांनी खाजं सगळ्यांना वाटलं. हिशामसाहेबांनी तीनदा घेतलं आणि दरवेळी विचारलं, "हे काय आहे?"

मी भिंग घेऊन फोटो बघायला बसलो. नवरी छान, हसरी. नवरा हारात बुडालेला, आणि मुंडावळ्यांचा एक सर नेमका नाकावर!

दत्ताराम पुढे दुसऱ्या कंपनीत लागला, दुबई मरीनाचे टॉवर उठत होते तिकडे. तपासणीला ये म्हणून निरोप पाठवले. "नाक बरा आसा, सुट्टी गावत नाय," असं उत्तर यायचं. मग हिशामसाहेब कैरोला परतले, दवाखाना दुसऱ्याने घेतला, लीलाम्मांनी कोट्टायमला घर बांधलं आणि मी पुण्याला आलो. इथेही कधी कधी उठून बसायचो. बायको विचारायची, "कुलूप?" मी म्हणायचो, "नाही. नाक."

* * *

आता शेवटचा. याचा साक्षीदार पेडणेकर आहे.

पुण्याला येऊन काही वर्षं झाली होती. मे महिन्यात सावंतवाडीला पेडणेकरकडे गेलो. तोही परतला होता. मी म्हटलं, "दत्ताराम सुट्टीवर आलाय ना? त्याचं घर दाखव. एकदा नाक बघू दे, मग मी मोकळा."

पेडणेकर आधी टाळत होता. ऊन फार आहे, रस्ता खराब आहे. शेवटी निघाला.

चिऱ्याचं नवं घर, मागे आंब्याची कलमं. दत्तारामची बायको शैला दारात आली. माझं नाव ऐकताच तिने घाईघाईने खुर्च्या मांडल्या. "बसा डॉक्टरांनू! पुरुष माणसा कलमात आसत, येतली इतक्यात." मुलं शाळेच्या सुट्टीत आजोळी गेलेली. तिने कोकम सरबत आणलं आणि मी न विचारताच लग्नाची गोष्ट सांगितली. तिच्या मावशा फोटो घेऊनच मांडवात आल्या होत्या. दुबईचं स्थळ, काय सांगावं? नवरा पोचल्यावर त्यांनी फोटो त्याच्या तोंडाशेजारी धरून बघितला. "नाक बघितल्यानी आणि गप बसली," शैला हसली. "मी त्या नाकाकच होय म्हटलेला!"

ती चहा ठेवायला आत गेली. मी सुटकेचा निःश्वास सोडला. फक्त ते वळलंय का, एवढंच बघायचं राहिलं.

तेवढ्यात कलमांमधून एक जण आला. उघडा, खांद्यावर शर्ट, हातात आंबे उतरवायचा झेला. ऊन बाजूने पडलेलं. मी उठलोच. सुतार फळीवरून नजर टाकतो तशी त्याच्या नाकावरून नजर टाकली. सरळ! इतक्या वर्षांनी, सुतात! टोक, दांडी, मुळाची रुंदी, सगळं फोटोबरहुकूम. मला भरून आलं. पुढे होऊन मी त्याच्या नाकावर अंगठा ठेवला आणि दाबून बघितलं.

तो बिचारा हललाच नाही.

"श्वास नीट येतो?"

"येता," तो म्हणाला.

"छातीत दुखतं का कधी?"

"छातीत कशाक दुखात?"

मी त्याच्या कानाकडे बघितलं. पाळी सुटी होती, लोंबणारी.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "जरा हात वर करा," म्हणालो. त्याने झेला खाली ठेवून दोन्ही हात वर केले.

"डॉक्टरांनू! कधी इलात?" मागून आवाज आला. आंब्यांची पाटी कमरेवर घेऊन दत्ताराम उभा होता. तेच नाक. शैला चहा घेऊन दारात आली. "उभे कशाक? भावोजीनू, तुमी पण बसा ना," ती त्या हात वर केलेल्याला म्हणाली. पेडणेकर मान वर करून फणसाच्या झाडाकडे बघत होता. त्या झाडाला त्या वर्षी फणस धरला नव्हता.

कुठला कान, कुठलं वर्ष, यात माझी चूक होऊ शकते. पण त्या हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या छातीवर टाक्यांची खूण नव्हती. उजवीकडे नव्हती आणि डावीकडेही नव्हती. मी दोन्ही बाजू बघितल्या.